टॅब गप्प होता तेव्हा: आतड्याच्या ऑपरेशननंतरच्या चौथ्या रात्रीचं प्रकरण

मी भूलतज्ज्ञ आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं तीस खाटांचं हॉस्पिटल आहे, तिथे काम करते. हे प्रकरण आमच्याच वॉर्डातलं आहे. त्यात आमच्या हातून जे सुटलं तेही लिहिते आहे, कारण अंगावर लावायची बिनतारी यंत्रं आता लहान हॉस्पिटलांतही येऊ लागली आहेत आणि आम्हाला जे एका रात्रीत कळलं ते इतरांना आधीच कळलेलं बरं. पेशंट आणि त्यांच्या पत्नीची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पेशंट

वय ५२, पुरुष. साडेचार एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. वजन ४६ किलो. सात-आठ महिने जेवल्यावर पोटात कळ यायची, पोट फुगायचं, मधूनच दोन-दोन दिवस शौचाला होत नसे. अंगावर काढलं, कारण वेचणी चालू होती. एप्रिलच्या शेवटी उलट्या सुरू झाल्या तेव्हा आमच्याकडे आले. सीटी स्कॅन यवतमाळहून करून आणला. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी जाड गाठ होती आणि वाट अगदी चिंचोळी झाली होती. क्षय किंवा कर्करोग, दोन्ही शक्यता धरून ऑपरेशन ठरलं. पुढे तपासणीत क्षय निघाला. हिमोग्लोबिन ९.४. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी निगेटिव्ह. विदर्भात ही तपासणी झाल्याशिवाय मी कोणाला भूल देत नाही. दिवसाला तंबाखू-सुपारीचे तीन-चार खर्रे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी ऑपरेशन झालं. गाठीसकट उजव्या बाजूचं मोठं आतडं आणि त्याला लागून असलेला लहान आतड्याचा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. अडीच तास लागले, रक्ताची एक बाटली लागली. टेबलवर काहीही गडबड झाली नाही. संध्याकाळी ते पूर्ण शुद्धीत होते आणि पत्नीला गाईच्या चाऱ्याचं विचारत होते.

नातेवाइकांचा जीव इथे भांड्यात पडतो. खरा धोका मात्र इथून पुढे असतो. २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: १४ देश, २८ हॉस्पिटलं, हृदयाची सोडून इतर ऑपरेशनं झालेले ४० हजार पेशंट. तीस दिवसांत जे दगावले त्यांतले एक टक्क्याहूनही कमी ऑपरेशन थिएटरात गेले. साधारण ७० टक्के गेले ते नंतर, हॉस्पिटलातच. उरलेले जवळजवळ ३० टक्के घरी गेल्यावर. थिएटरात माझी नजर दोन मिनिटं मॉनिटरवरून हलत नाही. तोच पेशंट वॉर्डात गेला की त्याच्याकडे नीट पाहणं दर चार तासांनी होतं, तेही रात्रपाळीच्या एका सिस्टरकडे बावीस पेशंट नसतील तर.

पट्टी कशी असते

एका देणगीदारांच्या मदतीने आमच्याकडे सहा संच आले होते. छातीवर डाव्या बाजूला चिकटवायची बोटभर लांबीची पट्टी. तिच्यात दोन इलेक्ट्रोड आणि नाण्याएवढी बॅटरी. ती हृदयाचे ठोके मोजते, त्वचेचं तापमान घेते, आणि श्वास मोजते. श्वास मोजण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पट्टी त्वचेतून जाणवणारही नाही इतका बारीक विद्युतप्रवाह सोडते. छातीत हवा भरली की त्या प्रवाहाला होणारा विरोध वाढतो, श्वास सोडला की उतरतो. त्या चढउतारावरून मिनिटाला किती श्वास झाले ते काढलं जातं. जोडीला मनगटावर घड्याळासारखा पट्टा आणि त्याला जोडलेली बोटातली टोपी, ऑक्सिजनसाठी.

हे सगळं ब्लूटूथने भिंतीवरच्या एका डबीकडे जातं, डबीतून वायफायने सिस्टरच्या टेबलावरच्या टॅबवर. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर दहा मिनिटं राहिला की टॅब वाजतो.

रक्तदाब ती मोजत नाही. लघवी किती झाली हे तिला कळत नाही. पोट कडक झालं की मऊ आहे, माणूस नीट बोलतो की बरळतो, हेही नाही. म्हणजे सिस्टरचा कागद सुटत नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून हे सगळ्यांना सांगितलं होतं. तरी टॅब आल्यावर कागदाकडे बघण्याची आमची सवय किती लवकर सैल झाली हे पुढे दिसेल.

आणि मे महिना. बाहेर ४५ अंश, वॉर्डात कूलर. घामाने पट्टीची कड सुटते. छातीवरचे केस काढले नाहीत तर पहिल्याच दिवशी सुटते. पेशंट लोखंडी खाटेवर डाव्या कुशीवर वळला की पट्टी अंगाखाली जाते आणि सिग्नल तुटतो, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात मुरतात आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच. पेशंट खोकला, उठून बसला, जोरात बोलला की श्वासाचा आकडा उगीच वर जातो. त्या आठवड्यात टॅब दिवसातून दहा-बारा वेळा वाजायचा आणि त्यातले बहुतेक वेळा काही नसायचं.

पहिले चार दिवस

दुसऱ्या दिवशी आमचे हे पेशंट, भाऊ, चार पावलं चालले. तिसऱ्या दिवशी वारा सरला, पाणी सुरू केलं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, पातळ पेज. सकाळच्या राउंडला सर्जन पोटाला हात लावून समाधानाने पुढे गेले. मीही पाहिलं. पोट थोडं फुगलेलं होतं, पण चौथ्या दिवशी थोडं असतंच.

शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता सिस्टरने चार्टवर लिहिलं: नाडी १०२, श्वास १८, बीपी १२०/७८, ऑक्सिजन ९६, ताप नाही. त्याच वेळी टॅबवर श्वास २२ होता.

या १८ वर मला थांबायचं आहे. मी नंतर भाऊंचा चार दिवसांचा सगळा चार्ट काढून पाहिला. श्वासाच्या रकान्यात १८, १८, १८, २०, १८, १८. शेजारच्या खाटांचे कागद काढले. तिथेही १८ आणि २०. मी शिकाऊ डॉक्टर असताना सरकारी वॉर्डात मी स्वतः असेच आकडे भरलेत. नाडी यंत्र सांगतं, बीपी यंत्र सांगतं, ऑक्सिजन यंत्र सांगतं. श्वास मोजायला माणसाला एक मिनिट खाटेशेजारी उभं राहावं लागतं, आणि बावीस पेशंट असतील तर ते बावीस मिनिटं होतात. म्हणून श्वास मोजला जात नाही, लिहिला जातो. यात त्या मुलीचा दोष मी धरत नाही. तिला हे आम्हीच शिकवलं, आमच्या वागण्यातून.

आणि सगळ्यांत आधी बोलणारा आकडा नेमका हाच असतो. आतड्याच्या जोडातून पोटात गळती सुरू झाली, जंतू पसरू लागले की पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, रक्तात आम्ल वाढतं. शरीर ते आम्ल फुफ्फुसावाटे, कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकायला लागतं. म्हणून श्वास जलद होतो. फुगलेलं पोट छाती आणि पोटामधल्या पडद्याला खालून दाबत असतं, म्हणून श्वास उथळही होतो. बीपी अजून छान असतं. ऑक्सिजनचा आकडा अजून छान असतो. बोटाची टोपी १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलेल्या तत्त्वावर चालते आणि तिने असंख्य जीव वाचवलेत, भूलशास्त्रात तर तिच्याशिवाय आता पान हलत नाही. पण ती उशिरा बोलते. शिवाय काळ्यासावळ्या कातडीवर ती खऱ्यापेक्षा जरा जास्त आकडा दाखवू शकते. २०२० मध्ये अमेरिकेतून आलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय पेशंटांमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा नजरेतून सुटली होती. उन्हात राबणाऱ्या आमच्या पेशंटांच्या बोटावर ९४ दिसलं की मी ते ९४ च आहे असं धरून चालत नाही.

शुक्रवारची रात्र

रात्री ११.४० ला टॅब वाजला. बेड ९, श्वास २५, दहा मिनिटांहून जास्त वेळ. सिस्टर खाटेपाशी गेल्या. भाऊ जागे होते, विचारलं त्याचं उत्तर दिलं. नाडी १०८, ऑक्सिजन ९५, ताप ३७.४, बीपी ११८. दुपारपासून याच खाटेचा टॅब दोनदा खोटा वाजला होता, एकदा पट्टीची कड सुटली म्हणून आणि एकदा ते उठून बसून खोकत होते म्हणून. सिस्टरनी पट्टी दाबून बसवली आणि अलार्म बंद केला.

त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत लग्नाचं वऱ्हाड परत नेणारा टेम्पो उलटून सात जण आले होते. मी तिथे होते. सर्जन तिथे होते. दहा मिनिटांनी वरच्या सिस्टरनाही मदतीला खाली बोलावलं. ते बोलावणारी मीच.

१२.३५ ला बेड १० वरच्या पेशंटच्या मुलाने मोबाइल चार्ज करायला भिंतीवरचा एक प्लग काढला. तो डबीचा होता. त्या पोराला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी खोलीत तो एकच बोर्ड हाताशी होता. डबी बंद पडली. टॅबवर सहाही खाटांच्या पुढे करडी आडवी रेघ आली. आवाज कसलाच आला नाही. कनेक्शन तुटल्याचा आवाज यंत्रात होता, पण तो सतत वाजतो म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्हीच बंद करून ठेवला होता.

सिस्टर सव्वा वाजता वर आल्या. टॅब शांत होता. शांत आहे म्हणजे ठीक आहे, असं त्यांनी धरलं. मीही तेच धरलं असतं.

१.५० ला भाऊंच्या पत्नी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, यायचा दम वेगळाच चालू रायला जी. दुपारी असा नव्हता."

सिस्टरांची ही गोष्ट मला कायम लक्षात राहील. त्यांनी टॅबकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत, चादर खाली करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. २८. नाडी १२२. ऑक्सिजन ९२. बीपी १०४/६६. ताप ३८.२. लघवीच्या पिशवीत रात्री दहापासून ७० मिली. मग त्यांनी खाली फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "म्याडम, नऊ नंबर. आत्ता या."

मी २.०५ ला पोचले. ओठ कोरडे, कपाळावर घाम, नाकपुड्या हलत होत्या. पोट फुगलेलं, उजव्या बाजूला हात लावू देत नव्हते. पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीत दिवसभर फिकट गुलाबी पाणी होतं, आता त्यात हिरवट गढूळपणा होता. त्यापुढे निदानाला फार डोकं लावावं लागलं नाही. जोड गळत होता.

ऑक्सिजन लावला. दुसरी मोठी सुई टाकली, रिंगर लॅक्टेटचं सलाइन धावतं सोडलं, पहिल्या तीन तासांत किलोला ३० मिली म्हणजे जवळजवळ चौदाशे मिली देण्याच्या हिशोबाने. कल्चरसाठी, म्हणजे जंतू शोधायला, रक्त काढलं आणि २.२५ ला अँटिबायोटिक बदलून पहिला डोस गेला. सर्जन हात धुऊन थेट वर आले. ४.३० ला पोट परत उघडलं. जोडाच्या एका कोपऱ्यात अर्ध्या सेंटिमीटरचं भोक, भोवती पेला-दीड पेला घाण. अजून पोटभर पसरली नव्हती. धुऊन काढलं, जोड सोडवला, आतड्याची टोकं पोटावर काढली. दोन दिवस आमच्या दोन खाटांच्या खास खोलीत ठेवलं. क्षयाची औषधं सुरू झाली. एकोणिसाव्या दिवशी घरी गेले. तीन महिन्यांनी वजन ५१ किलो झाल्यावर आतडं पुन्हा जोडलं.

त्या रात्रीचा हिशोब

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली न्यूज-२ नावाची गुणपद्धत आम्ही कागदावर वापरतो. श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध, ताप. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ५ झाली की डॉक्टरने तातडीने येऊन पाहायचं, ७ झाली की सगळं सोडून यायचं. एकट्या श्वासाला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरला कळवायचं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंचे गुण काढले. १.५० ला ९ होते. ११.४० ला, अलार्म बंद केला त्या क्षणी, ५ होते. श्वासाचे ३, ऑक्सिजनचा १, नाडीचा १. म्हणजे तेव्हाच मला वर यायला हवं होतं. बोलते आहेत, ताप नाही, बीपी चांगलं आहे, हे सगळं खरं असूनही. संध्याकाळी ६ वाजता टॅबवरचा श्वास धरला तर ३, कागदावरचा १८ धरला तर १. तीन म्हणजे धोका नव्हे. पण सकाळपासून शून्य असलेला माणूस तीनवर आला हे कोणी पाहिलं असतं तर रात्री दहाला परत मोजणी झाली असती.

प्लग परत लावल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पट्टीला स्वतःची थोडी स्मरणशक्ती असते. डबी बंद होती त्या सव्वा तासाचे आकडे तिने साठवून ठेवले होते आणि जोडणी आल्यावर ते टॅबवर उमटले. २५, २६, २६, २७, २८, २९. चढती रेघ, अगदी सरळ. वॉर्डात जिला ते आकडे हवे होते ती दहा हातांवर बसलेली होती.

मी भाऊंच्या पत्नीला नंतर विचारलं, तुम्हाला कधी लक्षात आलं? त्या म्हणाल्या, "अकरा वाजल्यापासून पाहून रायली मी. पण तुमची मशीन वरडत नव्हती. म्हनलं, बरं असन."

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनातून काढू शकले नाही. बावीस पेशंटांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेखाली चटई टाकून एक माणूस झोपलेला असतो. त्याला आकडे येत नाहीत, पण त्या एका माणसाचा श्वास तो पंचवीस-तीस वर्षं ऐकत आलेला असतो. तो दर चार तासांनी नाही, सतत पाहत असतो. आणि आम्ही आणलेल्या यंत्राने त्या बाईंना दोन तास पन्नास मिनिटं गप्प ठेवलं. यंत्र नसतं तर त्या कदाचित बारा वाजताच आल्या असत्या. मी हे यंत्राविरुद्ध म्हणून लिहीत नाही. पट्टी खरं बोलत होती. तिने गळती सव्वाअकरा-साडेअकरालाच ओळखली होती. पण वॉर्डातल्या सगळ्यांनी, माझ्यासकट, पाहण्याचं काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि पाहणं तिचं काम नाही. तिचं काम मोजणं.

बाहेरचे अनुभवही मी नंतर वाचून काढले. २०१५ मध्ये अमेरिकेतून छापून आलेल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर वॉर्डातल्या पेशंटांचा ऑक्सिजन सतत नोंदवला, पण तो सिस्टरना दाखवला नाही. तासभर ९० च्या खाली राहिलेल्या प्रसंगांपैकी ९० टक्के नेहमीच्या चार-चार तासांच्या नोंदीत आलेच नव्हते. म्हणजे आमचाच वॉर्ड आंधळा आहे असं नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या सर्जनांनी २०१८ मध्ये आमच्यासारख्याच पट्टीचा अभ्यास छापला. जंतुसंसर्ग झालेल्यांना पट्टी असेल तर अँटिबायोटिक सरासरी साडेदहा तासांत मिळालं, नसेल तर जवळजवळ सतरा तासांनी. पण असे पेशंट दोन्ही गटांत मिळून ३४ च होते, त्यामुळे यावरून पट्टीने जीव वाचतात असं कोणी म्हणू नये. मला त्यात दुसरंच दिसलं. पट्टी असूनही साडेदहा तास. मधला वेळ यंत्राचा नव्हे. तो फोन उचलण्याचा, जिने चढण्याचा, कोणाला उठवावं की नाही या विचाराचा वेळ आहे.

आम्ही काय बदललं

डबी आता छताजवळ आहे, तिची वायर भिंतीत गेली आहे आणि इन्व्हर्टरवर आहे. बिनतारी यंत्राची सगळ्यांत नाजूक जागा ही तार निघाली. प्रत्येक खाटेशेजारी नातेवाइकांना मोबाइल चार्ज करायला वेगळा बोर्ड दिला. हा खर्च सहा संचांपैकी एकाच्याही किमतीच्या जवळपास जात नाही आणि तो पहिल्या दिवशी करायला हवा होता.

कनेक्शन तुटल्याचा आवाज आम्ही परत चालू केला. तो नको तेव्हा वाजू नये म्हणून पट्टी उजव्या खांद्याखाली लावायला लागलो, कारण आमच्या वॉर्डात बहुतेक पेशंट दाराकडे तोंड करून डाव्या कुशीवर निजतात. केस काढणं, कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देणं, दर दुसऱ्या दिवशी जागा बदलणं. अलार्मच्या रेषा पेशंटनुसार ठरवतो. भाऊंसारख्याची नाडी ऑपरेशनआधी ७६ असेल तर १०० वर वाजायला हवं, सरसकट १२० वर नाही. टॅब आता दिवसात तीन-चारदा वाजतो आणि वाजला की मान वर होते.

पट्टी असो वा नसो, प्रत्येक पाळीत एकदा श्वास पूर्ण एक मिनिट हाताने मोजायचा. चार्टवर १८ लिहिलं तरी चालेल, पण शेजारी घड्याळाची वेळ सेकंदासकट लिहायची. ही अट इनचार्ज सिस्टरनी सुचवली. खोटं लिहिण्यापेक्षा मोजणं सोपं पडावं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या महिन्यातच १६, १९, २३, १४ असे आकडे दिसायला लागले.

आणि ५ गुण झाले की सिस्टर थेट मला किंवा सर्जनांना फोन करतात, रात्रीचे कितीही वाजले असोत, मधल्या कोणाची परवानगी न घेता. हे कागदावर सही करून वॉर्डात लावलं आहे, कारण नुसतं तोंडी सांगितलं तर रात्री तीनला कोणाची हिंमत होत नाही. त्याच कागदावर शेवटची ओळ: "नातेवाईक म्हणाले वेगळं वाटतं, तर गुण कितीही असोत, डॉक्टरने येऊन पाहायचं." इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' या नावाने कुटुंबाला असा हक्क मिळायला लागला आहे. त्यामागे एका तेरा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांचं दुःख आहे, ज्यांचं म्हणणं ऐकलं गेलं नव्हतं. आमच्याकडे या ओळीमुळे काही रात्री फुकट जिने चढावे लागले. मी ते चढते.

घरी

घरी गेल्यावर दगावणाऱ्या त्या ३० टक्क्यांचा विचार मला सारखा येत होता. भाऊंच्या गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथे पट्टी देऊन उपयोग नाही.

तेव्हा गडचिरोलीची आठवण झाली. १९८६ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना श्वास मोजण्याचं एक साधं साधन तयार केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांनी त्यावर श्वास मोजले आणि न्यूमोनिया ओळखला. आमच्याच विदर्भात, जंगलातल्या झोपडीत, कंदिलाच्या उजेडात बायका एक मिनिट श्वास मोजत होत्या. आणि आमच्या वॉर्डात, टॅबच्या उजेडात, आम्ही १८ लिहीत होतो.

डिस्चार्जच्या दिवशी मी आणि सिस्टर भाऊंच्या पत्नीजवळ बसलो. त्यांना वीसच्या पुढे मोजताना चुकायला होतं. त्यांच्या पिशवीत तुरीचे दाणे होते. पाच श्वास झाले की एक दाणा वाटीत टाकायचा. मुलाच्या मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावायचा. गजर व्हायच्या आत पाच दाणे पडले तर परत मोजायचं, परत पाच पडले तर टाकीपाशी जाऊन फोन करायचा आणि गाडी बघायची. भाऊ झोपलेले असताना मोजायचं, त्यांना सांगायचं नाही, कारण कोणी मोजतंय म्हटलं की माणूस श्वास बदलतो. त्यांनी आमच्यासमोर तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा सिस्टरच्या मोजणीशी तंतोतंत जुळलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे टाकीवर पाणी भरणाऱ्या बायकांचा गलका ऐकू येत होता. मला वाटलं पाच पडले. मी खुर्चीतून उठलेच होते.

"नाही जी," त्या म्हणाल्या, "चारच पडले. रोज चारच पडते. मनलं, तुमाले सांगून ठेवावं."